४९-० असूनही मार्सियानो पहिला का नाही?

‘रॉकी मार्सियानो ४९ लढला आणि ४९ जिंकला, त्यातल्या ४३ नॉकआउटने. अली पाचदा हरला, जो लुईस तीनदा. मग सर्वांत मोठा हेवीवेट मार्सियानोच नाही का?’ बॉक्सिंगचा विषय निघाला की हा प्रश्न येतोच. तुम्ही विचारलंत म्हणून जरा सविस्तर.

माझं उत्तर आधीच सांगून टाकतो: अली पहिला, लुईस दुसरा. मार्सियानो पहिल्या पाचांत नक्की, पण या दोघांच्या खाली.

‘कोण मोठा’ आणि ‘कोण कोणाला हरवेल’ हे प्रश्न आधी वेगळे करायला हवेत. मार्सियानोचं वजन १८५ पौंडांच्या आसपास, म्हणजे साधारण ८४ किलो. आज तो २०० पौंडांच्या मर्यादेच्या क्रूझरवेट गटात लढला असता. सहा फूट नऊ इंची हेवीवेट टायसन फ्युरी २०२० मध्ये प्रतिस्पर्धी वाइल्डरसमोर उतरला तेव्हा २७३ पौंडांचा होता. या दोघांची काल्पनिक लढत लावून कोणाचंच मोठेपण कळत नाही. तो उद्योगही करून झालाय म्हणा. संगणकाच्या भाकिताच्या नावाखाली १९६९ मध्ये मार्सियानो आणि अली यांना रिंगमध्ये उतरवून लुटुपुटूची लढत चित्रित केली, शेवट मात्र एकापेक्षा जास्त केले. अमेरिकेत मार्सियानो तेराव्या फेरीत जिंकला, ब्रिटनमध्ये अली. प्रेक्षक बघून निकाल देणारा संगणक!

तुलना करायची तर प्रत्येक मोठ्या लढतीपुढे प्रतिस्पर्ध्याचं त्या दिवशीचं वय, त्याची आधीची दोन-तीन वर्षं आणि त्याचा मूळ वजनगट लिहून काढा. मार्सियानोच्या यादीत १९५१ चा लुईस ३७ वर्षांचा दिसेल, निवृत्तीतून परतलेला, करापोटी सरकारचं देणं डोक्यावर असलेला. १९५२ चा तेव्हाचा विजेता जर्सी जो वॉलकॉट ३८ चा. १९५५ चा आर्ची मूर स्वतःच्या म्हणण्याप्रमाणे ३८ चा आणि त्याच्या आईच्या म्हणण्याप्रमाणे ४१ चा. शिवाय तो मुळात लाइट हेवीवेट, म्हणजे हेवीवेटपेक्षा हलक्या गटातला. त्यानेही दुसऱ्या फेरीत मार्सियानोला खाली पाडलं होतं. मार्सियानोच्या बाजूने सर्वांत भक्कम पुरावा म्हणजे १९५४ मधल्या एझर्ड चार्ल्सशी झालेल्या दोन लढती. पहिली पूर्ण १५ फेऱ्या चालली. दुसरीत मार्सियानोचं नाक असं फाटलं की रक्त थांबेना, लढत थांबवली जाण्याची वेळ आली, आणि त्याने आठव्या फेरीत चार्ल्सला झोपवलं. तेव्हा चार्ल्स ३२-३३ चा होता, तरी त्याचे सर्वोत्तम दिवस मागे पडले होते.

आता हेच कोष्टक अलीसाठी भरा. १९७१ चा फ्रेझर २६-०. १९७४ चा फोरमन २५ वर्षांचा आणि ४०-०. त्याने फ्रेझरला दोन फेऱ्यांत सहा वेळा पाडलं होतं आणि नॉर्टनलाही दुसऱ्याच फेरीत संपवलं होतं. अशा फोरमनला अलीने आठव्या फेरीत बाद केलं, तेही वयाच्या २५ ते २८ मधली साडेतीन वर्षं, लष्करभरती नाकारल्यामुळे आलेल्या बॉक्सिंगबंदीत गेल्यानंतर. पराभवही असेच वाचायचे: कोणाकडून, कधी, आणि परतफेड झाली का? अलीच्या पाचांपैकी फ्रेझर, नॉर्टन आणि स्पिंक्स या तिघांची परतफेड झाली. होम्स आणि बर्बिकविरुद्धचे पराभव ३८ आणि ३९ व्या वर्षीचे.

शून्याचा भाव नियमांवरही ठरतो. ब्रॅडमन की तेंडुलकर या वादात निदान खेळपट्टी २२ यार्डांचीच राहिली. इथे लढतीची लांबीच बदलली. १९८२ मध्ये मॅन्सिनीशी लढताना जखमी झालेला कोरियाचा किम डुक-कू काही दिवसांनी गेला, आणि त्यानंतर एकेक संघटना १५ वरून १२ फेऱ्यांवर आली. आता १९५२ ची फिलाडेल्फियातली लढत काढा. मार्सियानो पहिल्याच फेरीत खाली गेला, बारा फेऱ्यांनंतर तिन्ही पंचांच्या कार्डांवर, म्हणजे गुणपत्रिकांवर, वॉलकॉट पुढे होता, आणि तेराव्यात एका आखूड उजव्या ठोशाने विजेतेपद मार्सियानोकडे आलं. आजच्या नियमांत तो त्या रात्री हरला असता. हाच न्याय लुईसलाही लागू होतो. १९४१ मध्ये बाराव्या फेरीअखेर दोन कार्डांवर बिली कॉन पुढे आणि एकावर बरोबरी होती. लुईसने त्याला तेरावी फेरी संपायला दोन सेकंद असताना बाद केलं.

चित्रफिती बघताना ठोशांपेक्षा मोकळा हात बघा. १९३६ च्या जर्मन मॅक्स श्मेलिंगविरुद्धच्या लढतीत जॅब (पुढच्या हाताचा सरळ झटपट ठोसा) मारून परतणारा लुईसचा डावा हात हनुवटीकडे न येता खाली उतरतो. श्मेलिंगने हे आधीच हेरलं होतं. त्या फटीतून त्याचा उजवा पुन्हा पुन्हा आत गेला आणि बाराव्या फेरीत लुईस पडला. १९३८ मध्ये लुईसने पहिल्या घंटेपासून त्याला दोरांवर नेलं, उजवा सोडायला अंतरच दिलं नाही आणि १२४ सेकंदांत लढत संपवली. विजेतेपद त्याने २५ वेळा राखलं. मार्सियानोने सहा वेळा राखून ३२ व्या वर्षी निवृत्ती घेतली. मला विचाराल तर एका दोषाची अशी दुरुस्ती शून्यापेक्षा जास्त सांगते. मूकपटांच्या काळातल्या, वेग दुरुस्त न केलेल्या फिती मात्र सुमारे ०.७५ वेगाने लावा. मूळ चित्रीकरण कमी वेगाचं असल्याने १९२० च्या दशकातला विजेता जॅक डेम्प्सी उगाच विजेसारखा दिसतो.

वजनगट सोडून सगळ्यांत मोठा कोण, हा पुढचा प्रश्न असतो. इथे फ्लॉइड मेवेदरचे ५०-० पुढे येतात, ज्यातला पन्नासावा प्रतिस्पर्धी म्हणजे मिश्र मार्शल आर्ट्समधून आलेला, व्यावसायिक बॉक्सिंगमध्ये पहिल्यांदाच उतरलेला मॅकग्रेगर. त्यासमोर वेल्टरवेट आणि मिडलवेट गटांतल्या शुगर रे रॉबिन्सनचा फक्त फेब्रुवारी १९४३ ठेवा: ५ तारखेला सुमारे १६ पौंड जड लामोटाकडून कारकिर्दीतली पहिली हार, १९ ला जॅकी विल्सनवर विजय, २६ ला त्याच लामोटावर विजय. त्यानंतर १९५१ मध्ये लंडनला टर्पिनने हरवेपर्यंत तो कोणाकडूनच हरला नाही.

रॉबिन्सनला खरा प्रतिस्पर्धी कोण असेल तर हॅरी ग्रेब. सुमारे ३०० लढती, पुढे एका डोळ्याने आंधळा, आणि पुढे हेवीवेट विजेता झालेल्या जीन टनीला हरवणारा एकमेव माणूस. पण त्याच्या एकाही लढतीची फीत उपलब्ध नाही, त्यामुळे मी त्याला दुसऱ्या क्रमांकावर ठेवतो आणि कोणी पहिला म्हटलं तर भांडत नाही.