साखर सोडली तर कॅन्सरची गाठ उपाशी मरेल का? तुम्ही विचारलंत म्हणून

हा प्रश्न विचारणाऱ्या बहुतेकांनी साखर, फळं, धान्य आधीच सोडलेलं असतं. त्यांना उत्तर नको असतं, होकार हवा असतो. तो मिळाला नाही की मी औषध कंपन्यांचा माणूस ठरतो. म्हणून एकदाच सविस्तर सांगतो.

तुमच्या बाजूचा पुरावा आधी मांडतो, कारण तो खरा आहे. पेट स्कॅनमध्ये, म्हणजे किरणोत्सारी पदार्थ टोचून काढलेल्या चित्रात, गाठ चमकते ती साखरेमुळेच. टोचलं जाणारं एफडीजी म्हणजे किरणोत्सारी फ्लोरिन लावलेलं ग्लुकोज. पेशीत शिरलं की हेक्सोकायनेज हे एन्झाइम त्याला फॉस्फेट चिकटवतं, पण पुढची पायरी त्याला चढता येत नाही. ते आतच अडकतं आणि दिसतं. ऑक्सिजन असतानाही गाठ ग्लुकोज अर्धवट फोडून लॅक्टेट बाहेर टाकते, हे जर्मन शास्त्रज्ञ ओटो वारबुर्ग यांनी 1920च्या दशकात दाखवलं. त्यातून एका ग्लुकोजमागे दोनच एटीपी (पेशीचं ऊर्जेचं चलन) मिळतात. पूर्ण जाळलं तर तीसच्या आसपास. वारबुर्ग यांना वाटलं, पेशीतली ऊर्जाघरं, म्हणजे मायटोकॉन्ड्रियाच, बिघडलेली असणार. बहुतेक गाठींत तसं नसतं. दुसरी पेशी उभी करायला डीएनए आणि मेदाचा कच्चा माल लागतो, तो या अर्धवट फोडलेल्या साखरेतून मिळतो.

पण त्याच स्कॅनची तयारी आठवा. आधी चार ते सहा तास उपाशी राहायचं. नुकतंच इन्सुलिन घेतलेलं असेल तर थांबायला सांगतात, कारण एफडीजी स्नायूंत जातं आणि गाठ फिकी दिसते. म्हणजे तुम्ही उपाशी असता तेव्हाच ती ठळक दिसते! स्नायूंना ग्लुकोज ओढून घ्यायला इन्सुलिन लागतं. बहुतेक गाठींनी ग्लुट-1 नावाची दारं वाढवून ठेवलेली असतात, ती इन्सुलिनची वाट पाहत नाहीत. शिवाय तुम्ही खाल्लं नाहीत तरी लिव्हर ग्लुकोज बनवतच राहतं: चरबीतल्या ग्लिसरॉलपासून, स्नायू मोडून आलेल्या अमिनो आम्लांपासून आणि गाठीनेच टाकलेल्या लॅक्टेटपासून. त्या लॅक्टेटचं पुन्हा ग्लुकोज करायला लिव्हरचे सहा एटीपी खर्च होतात. गाठीला मिळाले दोन, तुमचे गेले सहा.

मग आहाराचा काहीच संबंध नाही? इथे माझंच जुनं मत आडवं येतं. साखर नव्हे, इन्सुलिन हाच खरा दुवा, असं मी ठामपणे सांगत असे. पेशीवरच्या इन्सुलिन रिसेप्टरपासून पीआय3के, मग एकेटी, मग एमटॉर, अशा प्रथिनांच्या साखळीतून वाढीचा हुकूम जातो. इस्ट्रोजेन या हार्मोनवर वाढणाऱ्या स्तनाच्या सुमारे 40 टक्के कॅन्सरांत पीआय3के घडवणाऱ्या पीआयके3सीए या जनुकात बदल असतो. तिथेच घाव घालणारं अल्पेलिसिब हे औषध, रोज 300 मिलिग्रॅम, 2019 मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. अडचण अशी की ते लिव्हर आणि स्नायूंतलंही पीआय3के अडवतं. रक्तातली साखर चढते, स्वादुपिंड इन्सुलिन ओततं, आणि तेच इन्सुलिन गाठीतला बंद केलेला मार्ग पुन्हा उघडू पाहतं. म्हणून या औषधावर साखर चढली की मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी किंवा साखर लघवीवाटे सोडणारी एसजीएलटी2 गटातली औषधं आधी वापरतात. इन्सुलिन शक्यतो शेवटी.

पीआय3केचे अभ्यासक लुईस कँटली यांच्या गटाने 2018 मध्ये उंदरांवर हे उलगडून दाखवलं. या गटातल्या औषधांच्या जोडीला केटोजेनिक (अगदी कमी कर्बोदकांचा, भरपूर मेदाचा) आहार दिला, इन्सुलिन खाली राहिलं, औषध जास्त लागू पडलं. हा भाग तुम्ही मला फॉरवर्ड करता. त्याच शोधनिबंधातला दुसरा भाग कुणी पाठवत नाही: तीव्र ल्युकेमियाच्या (रक्ताच्या कॅन्सरच्या) उंदरांना औषधाविना नुसता तोच आहार दिला, तेव्हा आजार उलट वेगाने वाढला. हे वाचल्यावर माझं ठाम बोलणं संपलं. उरलीसुरली खात्री मेटफॉर्मिनने घालवली. स्तनाचा कॅन्सर झालेल्या 3,649 जणांच्या चाचणीत काहींना 850 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, पाच वर्षांसाठी दिलं, बाकीच्यांना प्लासिबो, म्हणजे औषध नसलेली गोळी. मधुमेह कुणालाच नव्हता. इन्सुलिन उतरलं तर आजार परतणं कमी व्हायला हवं होतं. 2022 मध्ये निकाल आला. मुख्य गटात, म्हणजे हार्मोनवर वाढणाऱ्या कॅन्सरांत, काही फरक पडला नाही. इन्सुलिनचा दुवा खोटा आहे असं मी आजही म्हणत नाही. पण तो ओढला की गाठ सुटते, असंही म्हणवत नाही.

इस्ट्रोजेनवर वाढणाऱ्या गाठींत इस्ट्रोजेनचं मात्र असं धूसर नाही. पाळी गेल्यावरही चरबीतलं अरोमाटेज हे एन्झाइम अँड्रोजेन हार्मोनपासून इस्ट्रोजेन बनवत राहतं. लेट्रोझोलची रोजची 2.5 मिलिग्रॅमची गोळी ते अडवते. साखर सोडून हे होत नाही. ‘हार्मोनचीच तर गोळी आहे’ म्हणून ती बंद करून कडक पथ्य पाळणारे पाहिले की जीव तुटतो.

गोड पेयं सोडलीत तर माझी काही हरकत नाही. वजन मात्र दर आठवड्याला, त्याच काट्यावर बघा. न ठरवता सहा महिन्यांत पाच टक्क्यांहून जास्त उतरलं, म्हणजे साठ किलोचं सत्तावन्नच्या खाली गेलं, तर ते पथ्याचं यश समजू नका. स्नायू झडत असू शकतात. डॉक्टरांना सांगा. मूत्रपिंडं ठीक असतील तर किलोमागे दिवसाला 1 ते 1.5 ग्रॅम प्रथिनं पोटात जायला हवीत. केटो करायचंच असेल तर गाठ कोणती आणि औषध कोणतं चालू आहे, ते आधी सांगा. त्याशिवाय मी हो म्हणणार नाही.