पंचगंगेचा पूर आणि सूर्यावरचे डाग

पावसाळा लागला की आमच्या कोल्हापुरातल्या गल्लीच्या ग्रुपवर दोनच गोष्टी फिरतात. एक पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी, किती फूट किती इंच आणि किती बंधारे पाण्याखाली, आणि दुसरा तो मेसेज की सूर्यावर डाग वाढलेत, स्फोट होतायत, म्हणून महापूर आणि भूकंप वाढलेत. त्यात थोडं खरं आहे, पण तेवढ्यावर लोक लई मोठा इमला बांधतात.

डाग साधारण ११ वर्षांच्या चक्रात वाढतात नि कमी होतात हे बरोबर. डाग जास्त असले की सूर्य थोडी जास्त ऊर्जा देतो, पण थोडी म्हणजे किती, तर वातावरणाच्या वरच्या टोकाला चौरस मीटरमागं १३६१ वॉटच्या आसपास पोचतात त्यात फरक जेमतेम ०.१ टक्का.

आता आपले पूर लावून बघा की त्या चक्राला. २०१९ ला पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली, धोक्याची पातळी ४३, व्हीनस कॉर्नरला बोटी फिरल्या, आणि तेव्हा सूर्य अगदी गार पडलेला, त्याच डिसेंबरात जुनं चक्र संपलं. २०२१ ला परत ५६ फूट, तेव्हा नवं चक्र नुकतंच चढत होतं. २००५ ला उतरणीला होतं. आणि डागांचा जोर सगळ्यात जास्त होता त्या २०२४ ला नदी धोक्याच्या वर गेली खरी, पण २०१९ एवढी नाही. कुठं मेळ बसतोय?

अजून मागं जायचं तर १६४५ ते १७१५ सूर्यावर डाग जवळपास दिसतच नव्हते. म्हणजे महाराज पन्हाळ्याच्या वेढ्यातून निसटले ते १६६० साल ह्यातच आलं, आणि ती रात्र धो धो पावसाचीच सांगतात. युरोपात त्या काळात थंडी होती हे खरं, पण ती आधीच सुरू झालेली आणि त्यात ज्वालामुखींचाही हात होता.

आपल्या पुराची कारणं गगनबावडा-राधानगरीच्या पावसात, पूररेषेत उठलेल्या बिल्डिंगांत शोधा, कर्नाटकातल्या अलमट्टी धरणामुळं पाणी मागं तुंबतं का हे भांडण तर आहेच. भूकंपाचं म्हणाल तर ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा धक्का जुनी माणसं अजून सांगतात, त्याचं कारण शास्त्रज्ञ धरणातल्या पाण्यात बघतात, सूर्यात नाही. आणि उन्हाळे तापतायत त्याचं खापरही सूर्यावर फोडू नका, १९८० नंतर त्याची ऊर्जा वाढलेली नाही, उलट किंचित कमीच, आणि वातावरणाचा वरचा थर गार होतोय. सूर्यामुळं तापलं असतं तर तोही तापला असता.

मग सूर्य काहीच करत नाही का? करतो, पण पाण्याला नाही, तारांना. सप्टेंबर १८५९ मध्ये मुंबईत कुलाब्याच्या वेधशाळेतल्या माणसांनी पृथ्वीचं चुंबकत्व काही तासांत सुमारे १६०० नॅनोटेस्लानं (हे चुंबकत्व मोजायचं एकक) कोसळताना हातानं वहीत टिपलं. सूर्यावरच्या स्फोटानं आलेल्या त्या चुंबकी वादळात जगभर तारयंत्रं बिघडली. नंतर मुंबईत विजेच्या ट्राम येणार असं ठरलं, त्यांच्यामुळं मोजमाप बिघडेल म्हणून ते काम १९०४ ला अलिबागला हलवलं, मला ही गोष्ट फार आवडते. मार्च १९८९ ला क्युबेकमध्ये असल्याच वादळानं ९ तास लाईट गेली, साठ लाख लोक अंधारात.

मे २०२४ चं वादळ १८५९ च्या मानानं साधंच, तरी लडाखमध्ये हान्लेला आकाश लाल झालेलं आणि अमेरिकेत ऐन पेरणीत जीपीएसवर चालणारे ट्रॅक्टर भरकटले. आपल्याकडं उसावर ड्रोननं फवारणी वाढतीय, तेही जीपीएसवरच उडतात, त्यामुळं सूर्यावर नजर ठेवणारं इस्रोचं यान आदित्य एल१ काय सांगतंय ह्याच्याकडं ड्रोनवाल्यांनी लक्ष ठेवलेलं बरं. पुरासाठी राधानगरीचे दरवाजे किती उघडले तेवढं बघा.