रेवस ते रेडी, तंबू घेऊन: आधी तिथी बघा

कोकणातल्या सागरी महामार्गाने रेवसहून रेडीपर्यंत गाडी आणि तंबू घेऊन जायचं ठरलं की पहिलं काम भिंतीवरच्या दिनदर्शिकेत तिथी बघण्याचं. गाडी कुठे लावायची, जंगलच्या, म्हणजे गाड्या खाडीपार नेणाऱ्या बोटीच्या, धक्क्यावर किती वाजता पोचायचं, तंबू कुठवर खाली न्यायचा, सगळं त्यावर ठरतं.

किनाऱ्यावरचा जुना हिशेब सोपा आहे. तिथीची पाऊणपट करायची, येईल तो भरतीचा तास. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा ते बाराच्या दरम्यान. तिथी शुक्ल पक्षातली की कृष्ण पक्षातली, फरक पडत नाही. पुढची भरती साधारण 12 तास 25 मिनिटांनी, आणि दोघींच्या मधोमध ओहोटी. भरती रोज जवळजवळ 50 मिनिटं पुढे सरकते, पाऊणपटीचं मूळ त्यातच आहे. हा हिशेब मुंबई-अलिबागकडचा. रत्नागिरीच्या खाली भरती याच्या आधी लागते, तेव्हा तिकडे पोचलात की बंदरावर एकदा विचारून घ्या.

आता तंबू. पुळणीवर वाळलेल्या शेवाळाची, शिंपल्यांची, काटक्यांची रेघ दिसते. पाणी आलं ते इथपर्यंत, असं समजून लोक त्या रेघेच्या चार पावलं वर तंबू ठोकतात. यात दोनदा फसायला होतं. एक, अष्टमीच्या आसपास भांगाची, म्हणजे कमी चढणारी, भरती असते, तिची रेघ बरीच खाली असते. पौर्णिमा-अमावास्येचं उधाण जवळ आलं की पाणी रोज थोडं वर चढतं. दुसरं कारण कमी लोकांना ठाऊक असतं. पावसाळ्यात उधाणाची मोठी भरती दिवसा येते, थंडीत ती रात्री येते. म्हणजे डिसेंबरच्या पौर्णिमेला दुपारी बारा वाजता दिसलेली रेघ रात्री साडेबाराला ओलांडली जाऊ शकते, आणि तेव्हा तुम्ही गाढ झोपेत असता. म्हणून वाळूवर झोपायचा हट्ट नको. सुरूच्या बनात, जिथे जमिनीवर सुयांचा जाड थर आहे आणि वेल पसरलेत, तिथे थांबा. बन वनखात्याचं किंवा ग्रामपंचायतीचं असतं, वाडी कुणाच्या तरी मालकीची. विचारल्याशिवाय खुंटी मारू नका. विचारलं की बहुतेक ठिकाणी पाणी आणि संडासाचीही सोय होते.

माडाखाली मात्र तंबू नको आणि गाडीही नको. नारळाची भीती सगळ्यांना असते, पण वाळकी झावळीही वरून पडली की पुढची काच फोडते.

वाळूत साध्या लोखंडी खुंट्या धरत नाहीत. वाऱ्याने दोर ताणला की खुंटी अलगद वर येते. त्याऐवजी जाड पिशवीत वाळू भरायची, तोंडाला दोर बांधायचा, पिशवी हातभर खोल पुरायची आणि वर पाय देऊन दाबायची. सड्यावर, म्हणजे वरच्या खडकाळ पठारावर, उलटी गत, जांभ्या दगडात खुंटी शिरतच नाही. तिथे दोर मोठ्या चिऱ्याला गुंडाळा. दाराची दिशाही विचार करून ठरवा. संध्याकाळी खारा वारा समुद्राकडून येतो, मध्यरात्रीनंतर मतलई, म्हणजे जमिनीकडचा वारा, सुरू होते आणि दिशा फिरते. संध्याकाळच्या वाऱ्याकडे पाठ करून लावलेल्या तंबूत पहाटे समोरून थंडी आत शिरते. तंबू किनाऱ्याशी समांतर लावला तर दोन्ही वारे बाजूने जातात. थंडीत दंव इतकं पडतं की वरचं आवरण सकाळी पिळून काढावं लागतं. ते आतल्या कापडाला चिकटू न देणं एवढंच आपल्या हातात.

वेळास, आंजर्ले, केळशी, गुहागर या किनाऱ्यांवर थंडीत कासवं अंडी घालायला येतात. तिथे रात्री पुळणीकडे उजेड मारू नका, शेकोटी पेटवू नका.

रस्त्याबद्दल एकच सांगतो: नकाशातला वेळ दीडपट धरा. प्रत्येक खाडीपाशी रस्ता सड्यावरून सरळ खाली येतो आणि पलीकडे परत चढतो. उतारावर पहिला-दुसरा गिअर ठेवा, नुसत्या ब्रेकवर गाडी सोडली तर भरलेल्या गाडीचे ब्रेक तापून वास मारायला लागतात.

खाड्या ओलांडायला आगरदांडा-दिघी, बागमांडला-वेश्वी, दाभोळ-धोपावे आणि तवसाळ-जयगड अशा जंगल आहेत. शेवटच्या फेरीची वेळ आदल्या दिवशीच विचारा. ती चुकली तर बागमांडल्याहून म्हाप्रळ-आंबेत पुलापर्यंत आणि दाभोळहून पार चिपळूणपर्यंत वळसा पडतो. ऐन ओहोटीला, विशेषतः उधाणाच्या दिवसांत, धक्क्याचा उतार लांब आणि चिखलाने निसरडा असतो. टपावर आणि डिकीत सामान भरलेली सेडान तिथे पोटाशी घासते. माणसांना उतरवा, गाडी तिरकी न करता सरळ, न थांबता चढवा. आत गेल्यावर इंजिन बंद, हँडब्रेक ओढलेला, गाडी गिअरमध्ये.

पुळणीवर गाडी नेऊच नका. एक तर पोलिस कारवाई करतात, दुसरं म्हणजे पाण्याजवळची ओली, चकचकीत वाळू घट्ट वाटते पण चाक थांबलं की खालून सरकते. तरी रुतलीच, तर ॲक्सिलरेटर सोडा. चाक जितकं फिरवाल तितकं खड्ड्यात जाईल. टायरमधली हवा 18 पीएसआयपर्यंत उतरवा, चाकांपुढची आणि मागची वाळू हाताने उपसा, खाली झावळ्या किंवा पायपुसणी घाला आणि आल्या चाकोरीतून मागे घ्या. डांबरावर आल्यावर हवा लगेच भरा, उतरलेल्या टायरवर वेगाने गेलं की टायर फाटतो. बारा व्होल्टचा छोटा पंप म्हणूनच बरोबर हवा.

पिण्याचं पाणी माणशी रोज पाच लिटर धरा. किनाऱ्यालगतच्या विहिरी मार्च-एप्रिलपासून मचूळ होऊ लागतात. बर्फ बंदरावर घ्या, आणि फोडलेला न घेता लादीचा तुकडा मागा, तो बराच जास्त टिकतो. मासळी हर्णैला संध्याकाळच्या लिलावात मिळते. पेट्रोल श्रीवर्धन, दापोली, गुहागर, रत्नागिरी, देवगड, मालवण इथे मिळेल तिथे भरत चला.

सड्यावर आणि चिऱ्यांच्या गडग्यांत फुरसं असतं, लाल विंचूही. रात्री विजेरीशिवाय पाऊल टाकू नका, सकाळी बूट झाडून घाला. साप चावला तर कापणं, चोखणं, आवळून बांधणं काही करू नका. 108 ला फोन करा आणि जवळच्या सरकारी रुग्णालयात जा. लाल विंचवावर प्राझोसिनचा उपचार महाडच्या डॉ. हिंमतराव बावसकरांनी रुजवला, पण ते औषध डॉक्टरांनीच द्यायचं.

घरी आल्यावर गाडी खालून गोड्या पाण्याने धुवून घ्या, बॅटरीच्या टोकांना पेट्रोलियम जेली लावा. तंबूच्या चेनमध्ये वाळू आणि मीठ बसून ती अडकते. बादलीभर कोमट पाण्यात ती बुडवून, जुन्या टूथब्रशने घासून, वाळल्यावर वरून मेणबत्ती फिरवा.