कोपऱ्यातले दुधाचे खाडे

आमच्या स्वयंपाकघराच्या दारामागे एक छोटा फळा आहे. गॅस कधी लावला, दुधाचे खाडे, इस्त्रीचे कपडे, असा सगळा संसार त्यावर मांडलेला असतो. सुट्टीत भाची राहायला आली होती. जाताना तिने मधोमध एक कोडं लिहिलं आणि ‘सुटेपर्यंत कुणी पुसायचं नाही’ अशी तंबी दिली. तेव्हापासून दुधाचे खाडे कोपऱ्यात, मुंगीच्या अक्षरात.

परवा दुपारी चहाचं आधण ठेवून त्या कोड्याकडे बघत होते, तर बनारसचा फळा आठवला. पाहिलेला नाही, नुसता वाचलेला. विष्णू वासुदेव नारळीकर तिथल्या हिंदू विश्वविद्यालयात गणिताचे प्रमुख, सापेक्षतेतले जाणकार. घरात त्यांनी मुलांसाठी फळा लावून दिला होता. मामा मोरेश्वर हुजूरबाजार शिकायला त्यांच्याकडे राहिले आणि भाच्यासाठी त्यावर गणितं लिहू लागले. वर मथळा, ‘चॅलेंज प्रॉब्लेम फॉर जेव्हीएन’. जेव्हीएन म्हणजे जयंत विष्णू नारळीकर, पुढे खगोलशास्त्रज्ञ झाले ते. सोडव म्हणून मागे लागणं नाही, ओरडा नाही. गणित आपलं येता-जाता दिसत राहायचं.

आमच्या शाळेत फळा म्हणजे शनिवारचं काम. जुन्या सेलमधली काळी पूड, त्यात कसलासा पाला ठेचून पिळलेला रस, आणि चिंधीने आडवे-उभे हात. कोपरापर्यंत काळे होऊन घरी जायचो, आई मोरीतच उभं करायची. पण मला मनापासून आवडायचं ते वरच्या वर्गाचं अर्धवट राहिलेलं गणित. बरोबरीचं चिन्ह काढलंय आणि पुढे काहीच नाही! ते पुसायला माझा हात धजत नसे. अजूनही तास संपला रे संपला की खसाखसा डस्टर फिरवणारी माणसं मला आवडत नाहीत. का, ते विचारू नका.

जयंतराव पुढे केंब्रिजला गेले, रँगलर झाले. पदकं मी मोजत नाही, मराठी घरांत ती तोंडपाठ असतात. मला गंमत वाटते ती पुढची. खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉइल हे त्यांचे गुरू. १९४८ साली हॉइल, बाँडी आणि गोल्ड यांनी मांडलं होतं की विश्वाला आरंभच नाही. ते प्रसरण पावतंय खरं, पण विरळ होत नाही, कारण नवं द्रव्य निर्माण होत राहतं. किती? तर घनमीटरभर जागेत साधारण शंभर कोटी वर्षांत हायड्रोजनचा एखादा अणू. इतक्या सावकाश चाललेल्या कामावर भांडण मात्र कडाक्याचं. १९६१ साली खगोलशास्त्रज्ञ मार्टिन राइल यांनी आकाशातल्या रेडिओलहरी सोडणाऱ्या स्रोतांची मोजदाद पुढे करून हे ‘स्थिर’, म्हणजे पसरूनही कायम एकसारखंच राहणारं, विश्व चुकीचं ठरवलं. हॉइलसाहेबांनी उलट गणित मांडायला सोबत घेतला तो नवाकोरा संशोधक विद्यार्थी.

१९६४ मध्ये गुरुशिष्यांचा गुरुत्वाकर्षणाचा नवा सिद्धांत आला. वस्तूचं जडत्व तिचं एकटीचं नाही, साऱ्या विश्वातल्या द्रव्याचं त्यात देणं आहे, ही भौतिकशास्त्रज्ञ माख यांची कल्पना त्याच्या मुळाशी. वर्तमानपत्रांत गाजावाजा झाला. १९६५ साली, वयाच्या सव्विसाव्या वर्षी, पद्मभूषण. आणि त्याच वर्षी अमेरिकेत पेंझियास आणि विल्सन यांनी अँटेनात ऐकू येणारी, कशानेही न जाणारी खरखर जाहीर केली. आधी त्यांनी अँटेनात बसलेल्या कबुतरांची विष्ठासुद्धा साफ करून पाहिली होती. ती खरखर म्हणजे महास्फोटाची, विश्वाचा आरंभ ज्यातून झाला म्हणतात त्याची, उरलेली ऊब, असं बहुतेकांनी मानलं.

मी असते तर फळा पुसून दुसरं गणित घेतलं असतं. जयंतराव १९७२ मध्ये मुंबईला टाटा संस्थेत आले, १९८८ मध्ये पुण्यात आयुका ही खगोलशास्त्राची संस्था उभी केली, आणि १९९३ मध्ये हॉइल आणि जेफ्री बरबिज यांच्याबरोबर तेच विश्व दुरुस्त करून पुन्हा मांडलं. मान्यता काही मिळाली नाही. पण शिष्यांनी आपलीच दिंडी धरावी असंही नाही. थाणू पद्मनाभन त्यांचेच विद्यार्थी, त्यांनी स्वतःची वाट काढली. स्वाक्षरी मागणाऱ्या मुलांना जयंतराव सांगत, पोस्टकार्डावर प्रश्न लिहून पाठवा, उत्तराखाली सही मिळेल.

हरलेल्या बाजूचंही एक आहे. सुरुवातीचा स्फोट मानायचा नाही म्हटल्यावर कार्बन, लोखंड आलं कुठून, हे हॉइलना ताऱ्यांतच शोधावं लागलं. सापडलंही तिथेच. आता तेच उत्तर जिंकलेल्यांच्या पुस्तकात आहे.

२०२५ च्या मे महिन्यात जयंतराव गेले. खरं-खोटं करण्याइतकं गणित मला येत नाही. तरी विश्वाला वाढदिवस नसावा असं उगाच वाटतं. मला माझाही आवडत नाही. लोक केक आणतात, मग तो संपवत बसायचं. पुस्तकात विश्वाचं वय १३८० कोटी वर्षं छापलेलं असतं. असेल बापडं.