आमची वाटचाल : सात माद्या, तीन नर

सशांच्या सात माद्या आणि तीन नर म्हणजे एक युनिट. पिल्लं मोठी झाली की ससे देणारी कंपनीच ती किलोवर परत घेणार, असा करार. सोसायटीचं कर्ज काढून मी दोन युनिटं घेतली. पहिल्या दोन खेपांना गाडी आली, पैसेही आले. तिसऱ्या खेपेला गाडी आली नाही, फोन लागेना, ऑफिसला जाऊन बघतो तर कुलूप. अशा कंपन्या तेव्हा बऱ्याच होत्या, त्यामुळे नाव घेण्यात अर्थ नाही. फलटण तालुक्यातल्या आमच्या पत्र्याच्या शेडमध्ये लहानमोठे धरून सव्वाशे ससे उरले आणि घेणारा कुणी नाही. आप्पा एवढंच म्हणाले, "शेळ्या घेतल्या असत्यास तर चहापुरतं दूध तरी झालं असतं."

कंपनीनं दिलेल्या पुस्तिकेत खाद्य होतं, वजन होतं, मादी तीस-एकतीस दिवसांत विते हेही होतं. ससा आजारी पडला तर काय, याबद्दल एक ओळ नव्हती. आणि ससा तर आजार लपवण्यात पटाईत. शेळी ओरडते, कुत्रं कण्हतं, ससा गप्प कोपऱ्यात बसतो. रानात ज्याची शिकार होते ते जनावर दुखणं दाखवत नाही. आपल्याला कळतं तेव्हा निम्मा वेळ गेलेला असतो.

पहिल्या पावसाळ्यात दीड-दोन महिन्यांची पिल्लं मरायला लागली. पोट नगाऱ्यासारखं, पाठीचं हाड हाताला लागणारं, बुड घाण झालेलं. रोज दोन-तीन. शेवटी दोन मेलेली पिल्लं बर्फात घालून शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात नेली. तिथल्या डॉक्टरसाहेबांनी पोट उघडून काळीज दाखवलं, त्यावर ज्वारीच्या दाण्यांसारखे पांढरट पिवळे ठिपके. "कॉक्सिडिया," म्हणाले. हे जंतू लेंडीतून बाहेर पडतात, ओलीत दोनेक दिवस राहिले की लागण करण्याजोगे होतात आणि चाऱ्यातून पुन्हा पोटात जातात. म्हणजे शेड रोज झाडलं तर साखळी तुटते. आम्ही आठवड्यातून एकदा झाडत होतो, तेही सवड मिळाली तर.

औषध झालं. शिवाय पिंजरे उचलून खाली जाळी घातली, लेंड्या खाली पडाव्यात म्हणून. पिल्लं वाचली. मग तीन-चार महिन्यांत मोठ्या माद्यांच्या मागच्या पायांचे तळवे सोलून निघाले. सशाच्या तळव्याला कुत्र्यासारखी गादी नसते, नुसते केस असतात. न्यूझीलंड व्हाईट जातीसारखं चार किलोचं धूड दिवसभर तारेवर बसलं तर जखम होणारच. आता अर्ध्या पिंजऱ्यात लाकडी फळी असते आणि फळीवर गोणपाट. एका दुखण्याचं औषध दुसरं दुखणं घेऊन येतं, हे सशांनी मला फार लवकर शिकवलं.

सगळ्यात मोठी चूक मात्र माझ्याच हातची. तीन माद्यांना शिंका सुरू झाल्या, नाक ओलं, आणि नाक पुसून पुसून पुढचे पाय आतल्या बाजूनं चिकट झालेले. घरात पोरांच्या तापाचं अँटिबायोटिकचं सिरप उरलं होतं. पाजलं. तिसऱ्या दिवशी पाण्यासारखी हगवण, आणि दोन माद्या गेल्या. अमॉक्सिसिलिन होतं ते. सशाचं पचन चालतं सीकम नावाच्या, आतड्याच्या मोठ्या पिशवीतल्या जिवाणूंवर. पेनिसिलिनच्या जातीचं औषध तोंडातून गेलं की तिथले चांगले जिवाणू मरतात, वाईट माजतात आणि त्यांचं विष अंगात भिनतं. ससे जाणणारे डॉक्टर अशा सर्दीला एन्रोफ्लॉक्सासिनसारखं औषध वजन करून देतात. त्या दिवसापासून भिंतीवर लाल अक्षरांत लिहिलंय : अमॉक्सिसिलिन तोंडातून नाही, आणि कुत्र्याच्या गोचिडांचं फिप्रोनिल सशाला नाही. कानात खपल्या धरल्या, खरूज झाली तर आयव्हरमेक्टिन, तेही डॉक्टरांच्या हातून, आणि दोनेक आठवड्यांनी पुन्हा.

धंदा वळला तो एका फोनमुळे. मटणाला गिऱ्हाईक नाही म्हणून काही पिल्लं मी पुण्यात पाळायला दिली होती. कोथरूडच्या एक ताई म्हणाल्या, "दादा, ससा खायला धावतो, तोंडात घेतो आणि टाकून देतो. हनुवटी सारखी ओली असते." काय घालता विचारलं, तर गाजर, पोळी आणि मारी बिस्किट. गवत? "गवत कुठून आणू पुण्यात?" दुकानात मिळायचं ते परदेशी पाकीटबंद, आणि दर ऐकून मला घाम फुटला.

सशाचे दात जन्मभर वाढतात, पुढचे तर आठवड्याला दोन मिलिमीटरच्या आसपास. लांब धाग्याचं गवत आडवं चघळत राहिलं तरच दाढा झिजतात. पोळी-बिस्किटाला दोन चावे पुरतात. मग दाढांना टोकं येतात, ती जिभेत नाहीतर गालात रुततात, आणि भुकेला ससा ताटावरून उठतो. त्या सशाच्या दाढा भूल देऊन घासाव्या लागल्या. (सशाला भूल देण्याआधी उपाशी ठेवायचं नसतं, त्याला उलटी होतच नाही. आणि पुढचे दात नेलकटरनं कापणारे महाभाग आहेत, त्यांना हात जोडून सांगतो, दात उभा चिरतो.) पुढच्या फेरीला मी एक पोतं डोंगरी गवत नेऊन दिलं. महिन्याभरात त्याच सोसायटीतून चार पोत्यांची मागणी आली. सशापेक्षा सशाचं गवत विकलं जातं, हे मला तेव्हा उमगलं. 2020 च्या टाळेबंदीनंतर तर घरोघरी ससे आले आणि आमची पाकिटं कुरिअरनं जायला लागली.

गवत म्हणजे नुसतं कापलं आणि भरलं असं नाही. पाऊस सरता सरता, कुसळ धरायच्या आत कापणी व्हायला हवी. कुसळ हिरड्यात नाहीतर डोळ्यात गेलं तर सशाचे हाल होतात. वाळवायचं असं की हिरवटपणा राहिला पाहिजे आणि ओल राहता कामा नये. गठ्ठ्याच्या मध्ये हात घालून गरम लागलं तर तो गठ्ठा गुरांनाही नाही, थेट उकिरड्यावर, कारण बुरशी आली. गाजरगवताची काडी न् काडी आमच्या मावशी निवडून काढतात, तांदळातले खडे काढावेत तशी. लसूणघास आम्ही सहा महिन्यांच्या आतल्या पिल्लांसाठीच देतो. त्यात कॅल्शियम भरपूर, आणि सशाचं जादा कॅल्शियम लघवीवाटे जातं. मोठा ससा रोज लसूणघास खायला लागला की मूत्राशयात चुन्यासारखा गाळ साठतो. लोकांना वाटतं आम्ही महाग माल विकायचा टाळतोय. टाळतोयच.

ओला पाला हवाच, कोथिंबीर, मुळ्याचा पाला, हरळी. गणपतीत मात्र दूर्वांच्या जुडीचा भाव असा चढतो की पुण्याची गिऱ्हाइकं फोनवर बाप्पावरच रुसतात.

ठरलेले दोन फोन दर आठवड्याला येतात. पहिला, "लघवी लाल झाली." बहुतेक वेळा तो पाल्यातला रंग उतरलेला असतो. पण मादी तीन-चार वर्षांची असेल आणि गर्भाशय काढलेलं नसेल तर मी लगेच तपासायला पाठवतो, कारण अशा माद्यांत गर्भाशयाचा कॅन्सर फार. दुसरा फोन ऊसतोडीच्या दिवसांत, "फडात सशाचं पिल्लू सापडलंय, पाळू का?" नाही. रानातला ससा वेगळा. त्याची पिल्लं केसांनिशी, उघड्या डोळ्यांनी जन्मतात, आणि तो वन्यजीव कायद्यात येतो. होतं तिथं ठेवा, आई अंधार पडल्यावर येते.

दिवाळी आणि मे महिन्यात आम्ही ससे सांभाळायलाही घेतो. मे म्हणजे आमच्याकडं चाळीसच्या वर, आणि सशाला तिशीपुढंच धाप लागते. ओली गोणपाटं, मातीच्या परातीत पाणी, बाटल्यांत गोठवलेला बर्फ, आणि कानांना गार पाण्याचा हात. बर्फगार नाही, साधं गार.

प्रत्येक पिंजऱ्याला एक पुठ्ठा लावलेला : खाल्लं, लघवी, लेंड्या. धडधाकट ससा दिवसाला दोनशे ते तीनशे लेंड्या टाकतो, हरभऱ्याएवढ्या, दाबल्या की आत गवताचा भुगा. पहाटे तो स्वतःच्या बुडाशी तोंड नेऊन मऊ लेंड्यांचे घोस खातो, त्याला शिसारी धरू नका, ते त्याचं दुसरं जेवण आहे.

गेल्या लक्ष्मीपूजनाच्या सकाळी मावशींनी हाक मारली. "ह्या लाडूच्या ट्रेमधी सातच लेंड्या हायत, आन् त्याबी मोहरीवानी." लाडू म्हणजे डच जातीचा राखाडी ससा, रात्री फटाके चाललेले, त्यात अंगावरचे केस गळत होते. पाठ कमानीसारखी, डोळे अर्धे मिटलेले. जवळ कान नेला तर दातांचा कर्र कर्र आवाज. ससा खुशीतही दात हलकेच वाजवतो, पण हा आवाज वेगळा, दुखण्याचा. कान गार. ताप मोजला तर 99.6, आणि सशाचं अंग 101 ते 103 असायला हवं. कोमट पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून शेजारी ठेवली आणि डॉक्टरांना फोन केला. त्यांचा पहिला प्रश्न, "पोट दगडासारखं ताणलंय की कणकेसारखं?" ताणलं असेल तर अडकाव, तोंडातून काही भरवायचं नाही, आहे तसं उचलून आणायचं. कणकेसारखं होतं, तरी नेलं. कातडीखाली सलाईन, दुखणं थांबवायचं औषध, आतडी चालवायचं औषध. घरी आल्यावर वाळल्या गवताची मिक्सरमधून काढलेली पूड कोमट पाण्यात कालवून, बिनसुईच्या सिरिंजनं, पुढच्या दातांच्या बाजूच्या फटीतून एकेक मिली. मंडळींनी मांडीवर टॉवेलात धरायचं, मी भरवायचं. पूजेची वेळ तशीच टळली. लाडूचे मालक हैदराबादला लग्नात, दर तासाला विचारायचे, "काका, खाल्लं का?"

पाडव्याच्या पहाटे तीनला लेंड्या पडल्या, केसात ओवलेल्या, मण्यांच्या माळेसारख्या. मी फोटो काढून पाठवला. तिकडून हात जोडल्याची दहा चिन्हं आली.

तेव्हापासून गिऱ्हाइकंही मला फोटो पाठवतात. परवा गठ्ठे बांधायच्या मशीनच्या कर्जासाठी बँकेत गेलो. साहेब म्हणाले, ऑर्डरी दाखवा. मी फोन पुढं केला, त्यांनी बोट फिरवलं, आणि लेंड्याच लेंड्या. वर सरकवलं, तरी लेंड्या. त्यांनी चष्मा काढून माझ्याकडं पाहिलं.

"साहेब," म्हटलं, "ऑर्डरी त्याच्या खालीच लिहिलेल्या असतात."