खोक्यातलं पिल्लू परत ठेवा

पावसाळा लागला की माझ्या दवाखान्यात चपलांच्या खोक्यांतून सशाची पिल्लं यायला लागतात. मी खरं तर गाई-म्हशी आणि शेळ्या-मेंढ्यांचा डॉक्टर. बारामती-इंदापूरच्या कोरडवाहू पट्ट्यात माझी खासगी प्रॅक्टिस आहे आणि दिवसातला बराच वेळ कुणाच्या तरी गोठ्यात जातो. पण "डॉक्टर" म्हटलं की लोकांच्या लेखी सगळे प्राणी आले. खोकं उघडावं तर आत मूठभर गवत, बाटलीच्या बुचात गाईचं दूध आणि कोपऱ्यात कान पाठीला चिकटवून बसलेला तपकिरी, तळहातावर मावेल एवढा जीव. आणणाऱ्याचं वाक्यही बहुतेक तेच असतं. "डॉक्टर, आईनं टाकलंय हो याला. सकाळधरनं एकटंच बसलं होतं बांधाला."

टाकलेलं नसतं. सशाची मादी पिल्लांजवळ बसून राहतच नाही. ती जवळ राहिली तर तिच्या वासानं खोकड, रानमांजर, कुत्री थेट पिल्लांपर्यंत येतील. म्हणून ती पिल्लांना वेगवेगळ्या जागी गवतात बसवून स्वतः लांब जाते आणि दिवसातून बहुधा एकदाच, तिन्हीसांजेच्या सुमाराला, येऊन पाजून जाते. पाजणं काही मिनिटांचं. बाकीचा सगळा दिवस पिल्लाचं काम एकच: हलायचं नाही. आपण दुपारी बघतो तेव्हा ते हेच काम चोख करत असतं, आणि आपल्याला ते पोरकं वाटतं.

म्हणून माझा सल्ला ठरलेला आहे. जखम नसेल, अंगावर मुंग्या-माश्या लागल्या नसतील, तर जिथून उचललं तिथंच, त्याच झुडपाच्या बुडाशी, दिवस मावळायच्या आत नेऊन ठेवा आणि लांब व्हा. "माणसाचा वास लागला, आता आई घेणार नाही" असं लोक म्हणतात. त्या भीतीपायी पिल्लू घरी ठेवण्यापेक्षा परत ठेवणं केव्हाही बरं, कारण घरी ते जगण्याची शक्यता फारच कमी. सशिणीचं दूध गाईच्या दुधापेक्षा कितीतरी दाट आणि स्निग्ध असतं. गाईच्या दुधानं पिल्लाचं पोट फुगतं, हगवण लागते. आणि दूध मानवलं तरी धास्ती मानवत नाही. रानातला ससा हाताळल्याच्या ताणानंही दगावू शकतो. त्यात पोरं त्याला मांडीवर घेऊन फोटो काढणार, टीव्ही चालू, बाहेर कुत्रं भुंकतंय. जखमी पिल्लू सापडलं तर वन विभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर फोन करावा. घरात पाळायला ठेवणं हा गुन्हा आहे, हे ऐकल्यावर बरेच जण चपापतात.

कारण बाजारात पिंजऱ्यात मिळतो तो पांढरा आणि माळावरचा हा तपकिरी, दोन्ही लोकांना एकच वाटतात. पोरांच्या पुस्तकांतही चित्र पांढऱ्याचंच. पण पाळीव ससा मूळचा स्पेन-पोर्तुगालकडच्या बिळं करून राहणाऱ्या सशाचा वंशज आहे. त्याची पिल्लं बिळात, डोळे मिटलेली आणि उघडी-नागडी जन्मतात. आपला रानससा, शास्त्रीय नावानं लेपस नायग्रीकॉलिस, बीळ खणतच नाही. गवतात किंवा झुडपाखाली अंगापुरता खळगा दाबून बसतो. पिल्लं जन्मतात तीच केसाळ, डोळे उघडे, थोड्याच वेळात उड्या मारण्याजोगी. दोघांचा संकरही होत नाही: पाळीव सशाची गुणसूत्रं ४४, रानसशाची ४८. आपल्याकडच्या दख्खनी सशाच्या मानेवर मागे काळा डाग असतो. गोदावरीच्या उत्तरेला जे दिसतात त्यांच्या शेपटीचा वरचा भाग तांबूस-तपकिरी. तेव्हा पांढरे ससे माळावर सोडून "निसर्गात भर घातली" असं कृपया कुणी करू नये. तीन दिवसांत कुत्र्यांची मेजवानी होते, एवढंच.

मला या प्राण्यात जे सगळ्यात विलक्षण वाटतं ते त्याचं पळणं नाही. पळताना तो दिसतो म्हणून त्याचं कौतुक होतं. खरी कला आहे ती बसण्याची. माळावर चालताना तो तुमच्या पावलापासून दोन हातांवर असतो आणि दिसत नाही. वाळक्या कुसळीचा रंग, मातीचा रंग, त्यावर काळ्या केसांची छटा. डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना, त्यामुळं मान न वळवता जवळजवळ चहूकडचं दिसतं. तुम्ही त्याला बघायच्या कितीतरी आधी त्यानं तुम्हाला बघितलेलं असतं आणि हिशेब मांडलेला असतो की हा माणूस बाजूनं निघून जाईल. बहुतेक वेळा हिशेब बरोबर येतो. अगदी अंगावरच पाय पडायची वेळ आली तर मग पायाखालून फटाका फुटावा तसा उसळतो आणि नागमोडी पळत सुटतो. आम्हाला लहानपणापासून भित्रा ससा शिकवला. मला तर लांडगा जवळून चाललेला असताना न हलता बसणारा प्राणी भित्रा वाटत नाही.

लांडग्याला, घारी-गरुडांना, शृंगी घुबडाला हे बसणं पुरून उरलं. आमच्यापुढं ते चालत नाही. गेल्या काही वर्षांत माझ्या भागात ससे कशाकशानं मरताना दिसले ते मनात मांडलं, तर जवळजवळ प्रत्येक कारण त्याच्या या एका सवयीवरच घाला घालतं.

पहिला वणवा. जानेवारी-फेब्रुवारीपासून माळाला कोण ना कोण काडी लावतंच. "जाळलं की गवत चांगलं फुटतं" ही समजूत इतकी पक्की आहे की सांगणाराच वेडा ठरतो. राख झालेल्या जमिनीवर हिरवा कोंब लवकर उठून दिसतो हे खरं. पण पहिल्या वळवात वरची माती वाहून जाते आणि पवन्या, डोंगरी, मारवेलसारखी चांगली गवतं वर्षागणिक हटत जाऊन कुसळी माजते, हे ज्यांची मेंढरं तिथं चरतात त्या मेंढपाळांनाच विचारा. कुसळ मेंढीच्या कातडीत घुसून झालेल्या जखमा मीच धुतो. सशाची वीण वर्षभर चालते, पावसाळ्यात जास्त. म्हणजे वणव्याच्या दिवसांतही कुठं ना कुठं पिल्लं बसलेली असतातच. मोठा ससा पळतो. पिल्लाला आईनं शिकवलेलं एकच: हलू नकोस.

दुसरं, गवत कापायचं यंत्र. विळ्यानं कापणारी बाई पिल्लू दिसलं की थांबते, बाजूनं कापते. ब्रश कटरला डोळे नसतात. यावर उपाय साधा आहे आणि त्याला पैसे लागत नाहीत. पट्टीच्या मधून सुरू करून बाहेरच्या बाजूला कापत जायचं, म्हणजे आतल्या जिवांना निसटायला वाट राहते. आपण नेमकं उलटं करतो. कडेकडेनं फिरत आत येतो आणि सगळे जीव मधल्या शेवटच्या तुकड्यात कोंडतो.

रस्त्यावरचं सगळ्यांना माहीत आहेच. झोतात आला की ससा एकतर थिजतो नाहीतर प्रकाशाच्या पट्ट्यातूनच पुढं पळत राहतो, बाजूला वळत नाही. रात्रीच्या कॉलवरून परतताना मी दिवा खाली करतो, वेग तोडतो, वेळ पडली तर दोन क्षण दिवा बंद करून थांबतो. तो निघून जातो. मागच्या गाडीवाल्याचा हॉर्न ऐकून घ्यायचा.

आणि याच झोतावर शिकार चालते. दुचाकीवर दोघं, मागच्याच्या हातात बॅटरी, कधी सोबत कुत्री. पूर्वीसारखी वाघूर, म्हणजे सशाचं जाळं, लावून रात्र जागायचे कष्टही आता कुणाला नकोत. पोटासाठी मारतात असं म्हणावं तर ही पोरं ढाब्यावर एका बसणीला त्याहून जास्त उडवतात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं सशाची शिकार बंद आहे, त्यात तुरुंगवास आहे, पण "सशात काय एवढं" हे वाक्य मी चांगल्या शिकलेल्या माणसांच्या तोंडून ऐकलंय. काळवीट म्हटलं की लोक आवाज खाली करतात. सशाची शिकार मात्र चारचौघांत बढाई मारत सांगतात.

"एवढं काय" यामागं आणखी एक कारण आहे. आययूसीएन या निसर्गसंवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या यादीत भारतीय ससा "लीस्ट कन्सर्न" म्हणजे फारशी चिंता नसलेल्या गटात आहे. तो भारतभर, श्रीलंकेपर्यंत पसरलेला आहे, शेतात जुळवून घेतो, हरभऱ्याचे शेंडे खातो म्हणून शिव्याही खातो. तेव्हा ते वर्गीकरण चुकीचं आहे असं मी म्हणत नाही. पण ते सगळ्या प्रदेशाचं मिळून आहे. त्यातून तुमच्या गावच्या गायरानावर ससा उरलाय का हे कळत नाही, आणि चिंता नाही म्हटल्यावर तिथं मोजायलाही कुणी जात नाही.

ज्यांची चिंता झाली त्यांच्यासाठी जागा राखल्या गेल्या. सुप्याचं मयूरेश्वर अभयारण्य चिंकाऱ्यासाठी, १९९७ साली, जेमतेम ५.१४ चौरस किलोमीटर. कर्जतचं रेहेकुरी काळविटासाठी. माळढोकचं अभयारण्य १९७९ मध्ये जाहीर झालं तेव्हा कागदावर ८,४९६ चौरस किलोमीटर होतं, पुढं छाटून सुमारे १,२२२ वर आणलं, आणि माळढोक तर आता तिथं दिसणंही मुश्किल. ससा या सगळ्यांच्या तिकिटावर फुकट प्रवास करतो. ठीक आहे, करू दे. पण अभयारण्याच्या तारेबाहेर जे गायरान, पडीक, मुरमाड माळ आहेत, बहुतेक ससे तिथं राहतात, आणि त्या जमिनीचं सरकारी कागदावरचं नावच पडीक. पडीक म्हटलं की कुणीही यावं आणि काहीतरी उपयोगाचं करून जावं. सौर पॅनेल, प्लॉटिंग, मुरूम उपसा. आणि सगळ्यात मोठं दुखणं, ज्याला कुणी वाईट म्हणतच नाही: वृक्षलागवड. जेसीबीनं चर मारायचे आणि गिरिपुष्प, सुबाभूळ, निलगिरी लावायची. फोटो छान येतो. गवताळ माळावर झाडी झाली की गवत मरतं, धाविक आणि चंडोल हे माळावरचे पक्षी जातात, खोकड जातं, ससा जातो. लांडगा मात्र जात नाही. त्याला सशाऐवजी शेळी लागते, आणि पंचनाम्याला मलाच बोलावतात.

हे फक्त आमच्याकडचं नाही. हिमालयाच्या पायथ्याच्या तराईत आणि आसामच्या मानस राष्ट्रीय उद्यानात एक राठ केसांचा, आखूड कानांचा ससा आहे, उंच गवतात राहणारा. तो नामशेष झाला असावा असंच मानलं जात होतं, १९७१ साली आसामात पुन्हा सापडला. आज तो धोक्यात असलेल्यांच्या यादीत आहे आणि त्याच्या नाशाच्या कारणांत गवताळ जमीन शेतीखाली जाणं आणि अवेळी लावलेली आग ही दोन आहेतच. आमच्या सशाला तिथपर्यंत जायला वेळ आहे. पण रस्ता तोच.

मोजायचं म्हणाल तर ससा न बघताही मोजता येतो. त्याच्या लेंड्या गोल, जराशा चपट्या, वाळल्यावर भुशाच्या गोळीसारख्या हलक्या आणि हातानं कुस्करल्या तर नुसता गवताचा चोथा. शेळीची लेंडी लांबट, काळपट, घट्ट. ठरावीक जागा आखून दर महिन्याला लेंड्या मोजायच्या आणि साफ करायच्या. आमच्या इथल्या अकरावी-बारावीच्या पोरांना मी हे शिकवलं. पहिल्यांदा सगळ्यांनी नाकं मुरडली, आता मला चुका दाखवतात. जळालेल्या उतारावर पुढचे कितीतरी महिने पाटी कोरी, आणि न जळालेल्या बाजूला भरलेली. हा कागद मी ग्रामपंचायतीत नेला. तिथं गायरानावर लागवडीचे खड्डे घ्यायचं ठरत होतं.

"डॉक्टर, मोकळं ठेवून करायचं काय त्या जमिनीचं?" उपसरपंचांनी विचारलं. प्रश्न प्रामाणिक होता. मी सशाचं नाव काढलं नाही. तुमच्याच वाड्यातल्या मेंढ्या मे महिन्यात कुठल्या गवतावर जगतात, एवढंच विचारलं. मागं बसलेल्या दोन म्हाताऱ्या मेंढपाळांनी मग माझं काम केलं, माझ्यापेक्षा बऱ्याच मोठ्या आवाजात. झाडं ओढ्याच्या कडेला लावायची, तीही बाभूळ, हिवर, बोर. वरचा उतार गवताला सोडायचा. असं ठरलं, लिहूनही घेतलं.

आता राहिला वणवा. जानेवारी उजाडायच्या आत उताराभोवती जाळरेषा काढायची आहे, गवत खरवडून दोन-अडीच मीटरचा पट्टा मोकळा करायचा. खोरी-कुदळी पंचायत देतेय, चहा माझा. आसपासचे कुणी येणार असाल तर रविवारी सकाळी या. कुत्री घरी बांधून या.