तुम्ही विचारलंत म्हणून: कॉन्व्हेंट की झेडपी?

"मॅडम, पोराले झेडपीतच ठेवू, का तालुक्याच्या कॉन्व्हेंटात टाकू?"

मार्च उजाडला की हा प्रश्न सुरू होतो. मी यवतमाळ जिल्ह्यात, पांढरकवड्याच्या बाजूला, गटसाधन केंद्रात विशेष शिक्षिका आहे. ज्या लेकरांना दिसायला, ऐकायला, चालायला किंवा शिकायला अडचण येते, त्यांच्यासाठी शाळाशाळांतून फिरणं हे माझं काम. त्यामुळे लग्नाच्या पंगतीत असो की बसस्टँडवर, कोणी ना कोणी गाठतंच. विचारणाऱ्याला एका शब्दात उत्तर हवं असतं. मी उलटं विचारते: पोराचं अडतं कुठं? हे कळल्याशिवाय शाळेचं नाव सांगणं मला जमत नाही.

झेडपीच्या शाळेत काय भेटते, असं विचारलं की लोक खिचडी, गणवेश आणि पुस्तकं मोजतात. ते खरंच आहे. पहिली ते पाचवीच्या लेकराला रोज १०० ग्रॅम, सहावी ते आठवीच्या लेकराला १५० ग्रॅम तांदूळ धरून पोषण आहार शिजतो, आणि ज्या घरातली माणसं सकाळी सातलाच मजुरीला निघतात तिथं त्याची किंमत मला कोणी सांगायला नको. पण शाळा निवडताना बघायच्या गोष्टी वेगळ्याच आहेत, आणि त्या बहुतेकांना उशिरा कळतात.

नवोदयचंच घ्या. ही केंद्र सरकारची निवासी शाळा, आपल्या जिल्ह्याची बेलोऱ्याला आहे. सहावीपासून राहणं, जेवण, शिक्षण सगळं तिथंच. परीक्षा पाचवीत असताना द्यायची. किमान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांच्या, हे पुष्कळांना माहीत असतं. पण ग्रामीण म्हणजे नुसतं गावात राहणारं लेकरू नव्हे. तिसरी, चौथी आणि पाचवी ही तिन्ही वर्षं त्यानं ग्रामीण भागातल्या मान्यताप्राप्त शाळेत काढलेली असावी लागतात. त्यातलं एक वर्ष जरी शहरी हद्दीतल्या शाळेत गेलं, तरी ते लेकरू शहरी धरलं जातं. वावरात राबणारा बाप पोटाला चिमटा काढून तिसरीतल्या पोराला नगर परिषदेच्या हद्दीतल्या कॉन्व्हेंटात टाकतो, रोज ऑटोनं पाठवतो, आणि पाचवीत नवोदयचा फॉर्म भरताना त्याला कळतं की आपलं पोरगं उरलेल्या थोड्या जागांसाठी शहरातल्या शिकवणीवाल्या पोरांशी झगडणार आहे. प्रवेश घेताना हे कोणी सांगत नाही. सांगायला पाहिजे, असं माझं स्पष्ट मत आहे.

दुसरी गोष्ट आठवीची. आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या, २५ टक्के राखीव जागांतून कॉन्व्हेंटात नंबर लागला तर फी लागत नाही, हे बरोबर. पण तो कायदा, २००९चा, सहा ते चौदा वयाचा आहे. आठवी संपली की मोफत संपलं. नववीला फी भरा, नाहीतर शाळा बदला. शिवाय आठवीत एनएमएमएसची, म्हणजे गरीब घरातल्या हुशार लेकरांच्या शिष्यवृत्तीची, परीक्षा असते. पास होऊन निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात. घरचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवं, आणि लेकरू शासकीय, स्थानिक स्वराज्य संस्थेच्या किंवा अनुदानित शाळेत शिकणारं हवं. विनाअनुदानित कॉन्व्हेंटातल्या पोराला ती परीक्षाच देता येत नाही, मग घरी कितीही गरिबी असो. म्हणून कॉन्व्हेंट वाईट असं मी म्हणत नाही. आठवीपुढचा हिशेब आधी करा, एवढंच म्हणते.

आता माझ्या कामाचं. बापाच्या प्रश्नामागे बऱ्याचदा दुसराच प्रश्न असतो: "चौथीत गेला, पण वाचता येत नाही." कॉन्व्हेंटात गेला की वाचेल, अशी आशा. मी आधी डोळे बघते, मग कान. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३पासून सुरू आहे. त्याचं पथक शाळेत वर्षातून एकदा आणि अंगणवाडीत दोनदा येतं. नेमकं त्या दिवशी लेकरू कापूस वेचायला गेलेलं असतं आणि तपासणी हुकते. मागच्या बाकावर बसून फळ्याकडे डोळे बारीक करून बघणारी पोरगी "ढ" ठरते, आणि चष्मा लागला की महिन्याभरात धडा वाचू लागते. असं एकदाच नाही झालेलं.

मग भाषा. आमच्या भागात कोलाम आदिवासींचे पोड, म्हणजे वस्त्या, आहेत. घरात कोलामी बोलणारं सहा वर्षांचं लेकरू पहिलीत येतं आणि बाई मराठीत बोलतात. ते गप्प बसतं. कोणीतरी म्हणतं, मंद दिसते. मला बोलावणं येतं. मी जाते, त्याच्या आजीला सोबत बसवते, आणि आजीनं तिच्या भाषेत विचारलं की ते लेकरू दहा झाडांची नावं सांगतं. अशा लेकराला माझी गरजच नसते. गरज असते ती पहिलं वर्षभर त्याची भाषा कानावर घेणाऱ्या माणसाची.

आणि खरोखर अडचण असेल, तर २०१६चा दिव्यांग कायदा आहे. आधीच्या कायद्यात ७ प्रकार होते, यात २१ आहेत, वाचन-लेखनाची अध्ययन अक्षमतासुद्धा. ४० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असेल तर वयाच्या अठरापर्यंत शिक्षण मोफत, जवळच्या शाळेत किंवा पालकांना हवं तर विशेष शाळेत. जे लेकरू अंथरुणावरून उठूच शकत नाही, त्याच्यासाठी घरी जाऊन शिकवायची सोय आहे. दहावीला लेखनिक आणि जादा वेळ मिळतो, पण त्यासाठी प्रमाणपत्र लागतं, आणि ते प्रमाणपत्र दहावीच्या जानेवारीत धावपळ करून होत नाही. सातवी-आठवीतच जिल्हा रुग्णालयाची वारी करा, हे मी घसा कोरडा होईस्तोवर सांगते. आया घाबरतात: "शिक्का बसन ना मॅडम, लगन कसं होईन?" या प्रश्नावर माझ्याकडे चांगलं उत्तर नाही. मी एवढंच सांगते की प्रमाणपत्र कपाटात ठेवता येतं, गेलेलं वर्ष परत येत नाही.

हे ऐकून झेडपीत सगळं आलबेल आहे असं समजू नका. साठपर्यंत पट असेल तर कायद्यानंच दोन शिक्षक. म्हणजे एका खोलीत दोन-तीन वर्ग. त्यातला एक गुरुजी ऑनलाइन माहिती भरण्यात आणि मतदारयादीत अडकलेला. समुपदेशक हा शब्द परिपत्रकात दिसतो, गावात मला अजून भेटलेला नाही. ते काम गुरुजी, अंगणवाडीताई आणि कधीकधी मी, जमेल तसं करतो.

कॉन्व्हेंटात फी थकली म्हणून टीसी अडवली आहे, आता झेडपी घेईल का, असंही लोक विचारतात. घेईल. आठवीपर्यंत टीसीला उशीर झाला म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. लेकरू वयाप्रमाणे वर्गात बसतं, आणि मागं राहिलं असेल तर त्याला वेगळं शिकवायची जबाबदारी शाळेची. वीटभट्टीवर नाहीतर ऊसतोडीला जाणाऱ्यांनी तर दिवाळीआधीच गुरुजींना सांगावं. पोरगं आजीपाशी राहणार असेल तर हंगामी वसतिगृहातून त्याच्या जेवणाची सोय होऊ शकते, आणि सोबत जाणार असेल तर शिक्षण हमी कार्ड मागून घ्यावं, तिकडच्या शाळेत ते दाखवता येतं. ज्याची शाळा आधीच सुटली, त्याला बाहेरून दहावी द्यायला १७ नंबरचा फॉर्म आहे. तो भरायची वेळ परीक्षेच्या कितीतरी आधी असते.

गेल्या आठवड्यात एक बाई आल्या. पोरगी सातवी पास, गावची शाळा तिथंच संपते, हायस्कूल साडेचार किलोमीटरवर. त्यांचा प्रश्न कॉन्व्हेंटचा नव्हताच. "पाठवू का घरीच ठेवू?" मी बसचं विचारलं. बारावीपर्यंत मुलींना एसटीचा पास मोफत आहे, पण त्यांच्या गावाला परतीची गाडी शाळा सुटायच्या आधीच निघून जाते. सरकारच्या मानव विकास कार्यक्रमातल्या तालुक्यात शाळेपासून पाच किलोमीटरच्या आतल्या आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकल मिळते, हेही सांगितलं. बाई म्हणाल्या, "सायकल भेटन, पण नाल्यावर पाणी आलं का?" मग तिथंच बसून गाडीची वेळ तासभर पुढं ढकलण्यासाठी आगार व्यवस्थापकाच्या नावानं अर्ज लिहिला. शाळा व्यवस्थापन समितीत पालकच जास्त असतात आणि निम्म्या बायका. त्यांच्या सह्या घेऊन या म्हटलं. विदर्भात शाळा जूनच्या अखेरीस उघडतात, तोवर सह्या होतील. त्याच हायस्कूलला जाणाऱ्या आणखी तीन पोरी गावात आहेत, त्यांच्या आयांनाही घेऊन आगारात जायचं ठरलंय.